देवलाच्या खिंडीतला दगड

९ नोव्हेंबर

आज हिंगोलीत पुस्तकाचं प्रकाशन झालं. पुस्तक देविदास सरांचं, म्हणजे मुखपृष्ठावर तसं छापलंय. आतले डोंगर माझे आहेत.

पाच हिवाळे मी या जिल्ह्यातल्या टेकड्या मोजत फिरले. तिपाईवर लेव्हलचं यंत्र लावायचं, डोळा बारीक करून समोरच्या काठीवरचा आकडा वाचायचा, लिहायचा, तिपाई खांद्यावर टाकायची आणि पुन्हा वर चढायचं. सर तेव्हा आमच्या कॉलेजचे प्राचार्य होते. ते खाली जीपमध्ये नाहीतर झाडाखाली बसायचे आणि संध्याकाळी विचारायचे, "झालं का गं?" त्याच सरांनी आज मला स्टेजवर उभं केलं आणि माईकमध्ये म्हणाले, "ही आमची शिला. तांड्याची पोरगी. चढायला बकरी अन् काठी धरायला पक्की." लोक हसले, टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. त्याची मला सगळ्यात जास्त चीड येतेय.

काठी मी एक दिवसही धरली नाही. काठी धरायच्या मनकर्णाबाई, सरांच्या पत्नी. पदर खोचून, उन्हात ताठ उभ्या राहायच्या, आणि मी आकडा वाचेपर्यंत हलायच्या नाहीत. गेल्या त्या, दोन वर्षं होतील.

शेवटच्या पानावर आभार आहेत. छापखान्याचे, जीपच्या ड्रायव्हरचे, आणि त्यानंतर "काठी धरण्यास मदत : शिला". आडनावसुद्धा नाही. ड्रायव्हरचं आहे.

मी यांना सोडणार नाही. हे रागात लिहीत नाहीये. जेवण झालंय, भांडी घासून झालीत, पेपर तपासून झालेत. शांत डोक्यानं लिहितेय.

१२ नोव्हेंबर

सापडलं.

पुस्तकातला शेवटचा डोंगर म्हणजे आमच्याच तांड्याच्या मागचा. आमचे लोक त्याला देवलाचा डोंगर म्हणतात. देवला नाईक लमाणांचा तांडा घेऊन पहिल्यांदा त्याच्या पायथ्याला उतरला म्हणून. सरांनी पुस्तकात त्याचं नाव ठेवलंय "मनकर्णा शिखर". पुण्याच्या मंडळाच्या नोंदीतही तेच चढवलंय. हे मंडळ म्हणजे माझ्यासारख्याच खुळ्या माणसांचं. राज्यातले सगळे डोंगर मोजून त्यांची नोंद ठेवतात.

त्यांचा नियम सोपा आहे. मी अकरावीच्या वर्गात शिकवते तसा लिहिते. डोंगर समुद्रापासून किती उंच यावर काही ठरत नाही. शेजारच्या त्याच्याहून उंच डोंगराकडे जायचं झालं तर मध्ये खिंडीत उतरावं लागतं. त्या खिंडीपासून आपलं शिखर किती वर, तो त्याचा उठाव. उठाव साठ मीटर किंवा जास्त असला तर तो स्वतंत्र डोंगर. कमी भरला तर तो डोंगरच नाही, शेजारच्याचा खांदा.

पुस्तकात देवलाच्या डोंगराचा उठाव एकसष्ट लिहिलाय. मी मोजला तेव्हा अठ्ठावन्न भरला होता. मला चांगलं आठवतं, कारण मला वाईट वाटलं होतं. आपल्या तांड्याचा डोंगर आणि दोन मीटरनं नापास. मनकर्णाबाई म्हणाल्या होत्या, "असू दे शिला, आपुन त्याला वाढवू." आम्ही दोघी हसलो होतो.

म्हणजे बायको गेल्यावर सरांनी खरंच वाढवला. तिच्या नावासाठी तीन मीटर आपल्या खिशातून घातले. भूगोलाचे प्राचार्य. मंडळाचा कोणीही सभासद नोंदीवर हरकत घेऊ शकतो, आणि मी सभासद आहे. खोट्या आकड्याचा माणूस म्हणून सगळ्या जिल्ह्यात त्यांचं नाव झालं की मग बघू काठी कोण धरतं.

१६ नोव्हेंबर

हरकत पाठवली. रविवार म्हणून तांड्यावर गेले. याडी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. (याडी म्हणजे आई. घरात आम्ही गोरमाटी बोलतो, इथं मराठीत उतरवतेय. बाहेरच्यांसमोर याडी मराठीच बोलते, आणि मला रागवायचं असलं तरीही.)

मी तिला सांगितलं की सरांनी आपल्या डोंगराला बायकोचं नाव दिलंय.

"दिलं तर दिलं," याडी म्हणाली. "बाई चांगली व्हती. माझ्याबराबर चाऱ्याचा भारा घेऊन खिंड उतरली व्हती एकदा. मास्तरणीनं भारा उचललेला मी दुसरा कधी बगितला न्हाई."

"याडी, देवला नाईकाचं नाव पुसलं त्यांनी."

"पुसलं काहून? आमी तर देवलाचाच डोंगर म्हणून राहिलो."

तिच्याशी बोलण्यात अर्थ नाही. आयुष्यभर कोणी काही हिसकावलं तरी तिला ते द्यायचंच होतं असं वाटतं. मी तिच्यावर गेले नाही, बरं झालं.

२३ नोव्हेंबर

धाकटा भाऊ रणजीत काठी धरायला आला. खिंडीपासून शिखरापर्यंत पुन्हा लेव्हल नेली. दिवस गेला. अठ्ठावन्न, वर काही सेंटीमीटर. रणजीतला वाटलं मला बोनस मिळाला, इतकी मी खूश होते.

देवलाची खिंड म्हणजे दोन काळ्या कातळांच्या मधला चिंचोळा रस्ता. गवताळ, सपाट. याच वाटेनं जुन्या काळी आमचे लोक धान्य, मीठ लादून बैल न्यायचे. आता बायका चाऱ्याला जातात. आम्ही सामान आवरत होतो तेव्हा याडी भारा घेऊन वरून आली. खिंडीत थांबली, वाकून एक दगड उचलला, कडेला ठेवला आणि पुढे गेली. तांड्यातल्या सगळ्या म्हाताऱ्या तसं करतात. थकवा तिथंच राहतो म्हणतात. रणजीतनंही एक ठेवला. मी तिपाई घडी करत होते.

१० डिसेंबर

औंढ्यात, देवळाबाहेरच्या गल्लीत सर भेटले. हातात भाजीची पिशवी. मेथी कशी निवडून घ्यावी हे त्यांना कळत नाही, पिवळी पानं सगळी. पूर्वी हे काम त्यांचं नव्हतं.

मी तोंड फिरवून जाणार होते. त्यांनीच हाक मारली.

"शिला, हरकत तू घेतलीस म्हणे."

"हो सर."

"बराबर केलंस. मोजायलाच पायजे." थोडं थांबले. "खिंडीत नीट बघ बरं. खिंडीत घाई करू नको."

बघा, अजून प्राचार्यगिरी चालूच आहे. आकडा खोटा लिहायचा आणि वर मलाच खिंड शिकवायची. माझ्या तांड्याची खिंड. मी म्हणाले, "बघते सर, काठी धरायला माणूस आहे माझ्याकडे." त्यांचा चेहरा पडला. आज मला जेवण गोड लागलं.

घरी आल्यावर एक गोष्ट उगाच डोक्यात येत राहिली. त्यांच्या शर्टाचं वरचं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं लावलेलं होतं. काय करायचंय मला.

२० डिसेंबर

मंडळाकडून पुनम आली. नांदेडची मुलगी, कामाला चोख. तिच्याकडे उपग्रहावरून उंची घेणारं यंत्र आहे. शिखरावर लावलं, खिंडीत लावलं, थांबलो, आकडे आले. अठ्ठावन्न. मी तिच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होते.

मग तिनं नेहमीचा प्रश्न विचारला. "मॅडम, खिंडीची जमीन मूळचीच ना? भराव वगैरे काही नाही? माणसानं केलेला भराव असेल तर आम्ही तो धरत नाही. खालच्या मूळ जमिनीपासून मोजतो."

मी म्हणाले, "मूळचीच आहे. मी इथलीच."

खिंडीच्या उताराला साळिंदराचं एक मोठं बीळ आहे. म्हणताना मी त्याच्याकडे बघत होते. बिळाच्या तोंडाला माती नव्हती. दगडावर दगड, मध्ये पोकळ अंधार. डोंगर असा आतून नसतो, हे अकरावीच्या मुलालाही कळेल. पण मी तेव्हा तसा काही विचार केला नाही. केला असता तर बोलले असते. आकडा समोर होता आणि पुनमला बस गाठायची होती.

२१ डिसेंबर

तरी सकाळी याडीला फोन केला. सहज विचारतेय असं दाखवून विचारलं, खिंडीत दगड कशासाठी ठेवतात.

"आता सुचलं तुला?" याडी म्हणाली. मग सांगितलं. खिंडीत आधी खाच होती, उभ्या माणसाचा वर केलेला हातही काठाला पोचणार नाही एवढी खोल. लादलेला बैल तिच्यात उतरला की गुडघा मोडायचा. देवला नाईकाचा सगळ्यात चांगला बैल तिथं मोडला. मग नाईकानं नियम घातला. खिंडीतून जाईल त्यानं एक दगड टाकायचा. बायकांनी, लेकरांनी, नवऱ्या मुलीनंसुद्धा. टाकता टाकता खाच भरली, माती बसली, गवत आलं. बैल गेले, लमाणी गेली, नियम राहिला. "तूच तेवढा कधी टाकला न्हाईस," याडी म्हणाली. "लहानपणी म्हणायचीस, मी थकले न्हाई."

म्हणजे भराव आहे. म्हणजे खरी खिंड तीनेक मीटर खाली आहे. म्हणजे एकसष्ट.

सरांना हे कुठून माहीत असणार? त्यांनी अंदाजे ठोकलेला आकडा योगायोगानं खरा निघाला, एवढंच. चोराच्या हाती सापडलेलं नाणं खरं असलं म्हणून तो चोर राहत नाही असं थोडंच आहे.

२६ डिसेंबर

पुनमला कळवायला हवं, असं रोज सकाळी वाटतं. संध्याकाळपर्यंत वाटेनासं होतं. आज तर मोबाईलवर मजकूर लिहिलासुद्धा. मग स्टाफरूममध्ये कोणीतरी सरांचं पुस्तक आणलं, आणि मिना मॅडम म्हणाल्या, "शिला, यात तुमचंही नाव आहे की, शेवटच्या पानावर." मी मजकूर पुसला.

पाच वर्षं माझी कोणी भरून देणार आहे का? मी कशाला त्यांचे तीन मीटर भरून देऊ?

६ जानेवारी

निकाल आला. नोंदीतून "मनकर्णा शिखर" काढलं. हिंगोलीच्या पेपरात चांगली चौकट आली आहे, "माजी प्राचार्यांच्या पुस्तकातील आकडा चुकीचा". खाली सरांचा जुना फोटो, हार घातलेला. मी तीन अंक विकत आणले. एक कॉलेजात टेबलावर सहज ठेवून दिला.

लोक कसे असतात. दोन महिन्यांपूर्वी टाळ्या वाजवणारे आज म्हणतात, "आम्हाला आधीच शंका होती." एकानं तर विचारलं, बाकीचे डोंगर तरी खरे आहेत का. त्यावर मात्र मी तडकले. बाकीचे माझे आहेत, सगळे खरे आहेत. तो म्हणाला, "पण मॅडम, पुस्तकावर तर सरांचं नाव आहे."

मंडळानं सरांना बाजू मांडायला मुदत दिली होती. त्यांनी काहीच पाठवलं नाही म्हणे. मला वाटलं होतं भांडतील. मी उत्तरं तयार ठेवली होती, चांगली टोकदार.

तरीही आनंद झाला. लिहून ठेवते, कारण खरं आहे. चहा करताना मी गुणगुणत होते.

११ जानेवारी

तांड्यावर गेले ते पेपरचा अंक घेऊन, शहाणी मी. रणजीतनं याडीला मोठ्यानं वाचून दाखवला. बातमीच्या शेवटी एक ओळ होती, माझं तिच्याकडे लक्षच नव्हतं. "मंडळाच्या नियमानुसार ही टेकडी आता शेजारच्या खैरदरीच्या माळाचा खांदा म्हणून ओळखली जाईल."

खैरदरी म्हणजे खिंडीपलीकडचं गाव. त्यांच्या विहिरीवर आमच्या आज्याला पाणी मिळायचं नाही.

याडीनं रणजीतला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग मला विचारलं, "म्हंजे देवला नाईक आता खैरदरीच्या खांद्यावर बसला?"

"कागदावर याडी. फक्त कागदावर."

"अन् दगड? दगडाचं तुला सांगितलं व्हतं मी."

रणजीत माझ्याकडे बघायला लागला.

"त्या मोजणाऱ्या पोरीला सांगितलं न्हाईस," याडी म्हणाली. विचारत नव्हती. "माझ्या सासूनं टाकले, तिच्या सासूनं टाकले. पोटात लेकरू असताना टाकले. तू तिला जमीन मूळचीच समजू दिलीस. आमी सगळ्या न्हाईच व्हतो व्हय तिथं?"

"सरांनी माझं नाव खाल्लं, याडी."

"अन् तू आमचं खाल्लंस."

मग तिनं बाकीचं सांगितलं. सरांना माहीत होतं. मी परीक्षेच्या कामाला परभणीला होते आणि रणजीत ऊसतोडीला कारखान्यावर, तेव्हाची गोष्ट. भारा घेऊन खिंड उतरताना याडीनं दगड ठेवला. मनकर्णाबाईंनी विचारलं काहून ठेवता. याडीनं सगळी गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी बाई सरांना घेऊन आल्या. दोघांनी आणि याडीनं मिळून दगड काढत काढत खाली कातळापर्यंत भोक केलं, त्यात काठी उभी सोडली, मोजलं, आणि दगड होते तसे परत भरले. बाईंची नखं तुटली होती. निघताना त्यांनी स्वतःचा एक दगड ठेवला.

"मला काहून सांगितलं नाहीस?" मी ओरडले.

"तू इचारलं कधी? इचारलं त्या बाईनं."

रणजीत मला सोडायला आला नाही. रस्त्यापर्यंत चालत आले.

१४ जानेवारी

संक्रांत. कॉलेजला सुट्टी. सरांच्या घरी गेले. तिळगूळ नेला नाही.

दार त्यांनीच उघडलं. घरात कोपऱ्यात काठी उभी होती, तीच, ॲल्युमिनियमची, मनकर्णाबाईंनी खालच्या टोकाला फडकं गुंडाळलेली. मी बसले नाही.

"तुम्हाला भरावाचं माहीत होतं."

"व्हय."

"मग पुस्तकात लिहिलं का नाही? मंडळाला कळवलं का नाही?"

सर चष्मा काढून पुसायला लागले. "पुस्तकात ते पान हिच्यावर लिहायचं होतं. भोक हिनं पाडलं. लिहायला बसलो की जमायचं न्हाई. नुसता आकडा टाकला."

"आणि आता?"

"आता काय तोंडानं सांगू? मी तुझी पाच वर्षं घेतली, शिला. नाव टाकलं असतं तर लोक म्हणाले असते, मग सरांनी काय केलं. ते मला झेपलं न्हाई. ती असती तर तिनं टाकायला लावलं असतं." चष्मा लावला. "तू हरकत घेतलीस तवा म्हणलं, घेऊ दे. मी तुझं नाव खाल्लं, तू हिचं काढलंस. फिटलं."

फिटलं, म्हणे. मला इतका संताप आला की बोलताना आवाज फुटला. "फिटलं नाही सर. हिशेब तुम्ही एकट्यानं करायचा नाही. मी तुम्हाला हरवायला निघाले होते आणि तुम्ही खाली बसून घेतलंत. त्याला हरवणं म्हणत नाहीत. तुम्ही मला भीक घातलीत."

"मग काय करू सांग."

मी चपला घातल्या. दारातून मागे वळून पाहिलं तर ते काठीकडे बघत होते. मनकर्णाबाईंचं नाव मी पेपरात चौकटीत घालून पुसलं, आणि तीन अंक विकत आणले. ज्या बाईनं मला पाच हिवाळे स्वतःच्या डब्यातली ज्वारीची भाकरी मोडून दिली.

त्यांना माफ केलेलं नाही. हे लिहून ठेवलं पाहिजे, नाहीतर पुढे मलाच वाटेल की केलं.

१७ जानेवारी

पुनमला फोन केला. सगळं सांगितलं. भराव आहे, मला शंका तिथं उभी असतानाच आली होती, दुसऱ्या दिवशी खात्री झाली, आणि मी गप्प बसले.

"मॅडम, तुम्हाला माहितीये ना याचं काय होईल?"

माहितीये. खोटी साक्ष देणाऱ्याची मोजणी मंडळ पुन्हा घेत नाही. माझ्या नावावर आता एकही डोंगर लागणार नाही. म्हटलं, "तुम्ही या. खिंड खोदून दाखवते. फक्त एक, डोंगराचं नाव तांड्यावर विचारून लिहा."

ही अट मी सरांवरचा शेवटचा वार म्हणून घातली होती. आता मनकर्णाबाईंचा चेहरा समोर येतो. तरी अट मागे घेतली नाही.

१ फेब्रुवारी

खिंड खोदली. रणजीत आणि तांड्यातली माणसं पहार, टोपली घेऊन आली. रणजीत अजून माझ्याशी तुटक बोलतो. याडी वर कातळावर बसून हुकूम सोडत होती, "फेकू नगा, एकीकडं रचा. परत लागतील." सर आले होते. रणजीत त्यांना मोटारसायकलवर पायथ्यापर्यंत घेऊन आला, पुढे काठी टेकत टेकत ते स्वतः चढले. तीच काठी.

वरती हाताएवढी माती, मग दगडच दगड. काळे, तांबूस, नदीतले गोटेसुद्धा. कोणीतरी लांबून बरोबर आणलेले. तळाशी स्वच्छ कातळ लागला आणि त्याच्या भेगेत बैलाच्या खुराची एक गंजलेली नाल. याडीनं ती मागून घेतली आणि ओटीत टाकली.

पुनमनं यंत्र खाली कातळावर लावलं. एकसष्ट, वर थोडं. पुस्तकातला आकडा बरोबर. डोंगर पास.

मग ती नोंद करायला बसली. नाव विचारलं. सगळे याडीकडे बघायला लागले. याडी सरांकडे बघत म्हणाली, "डोंगर देवलाचा. ही खिंड मनकर्णाची लिव्हा. तिनं इचारलं म्हणून ती सापडली." माझ्या अटीत हे नव्हतं. मला सुचलंही नव्हतं.

"मोजणी कोणाची?" पुनमनं विचारलं. "मंडळ जुना आकडा कायम करतंय, म्हणजे देविदास सरांची."

सर उभे राहिले. सगळ्या तांड्यासमोर म्हणाले, "शिखराची मोजणी हिची हाय. सगळ्या पुस्तकाची हिची हाय. मी चोरलं. खिंडीतले तीन मीटर माझ्या बायकोचे. माझं त्यात काही न्हाई, तसं लिहा."

अडीच महिने मी याच वाक्यासाठी जगत होते. मी त्यांना हे म्हणायला लावणार होते, गर्दीसमोर, मान खाली घालून. ते ताठ उभं राहून, न मागता म्हणाले. माझ्या हातात काहीच उरलं नाही. पुनम हळूच म्हणाली, "सर, मॅडमचं नाव आता नियमानं लावता येत नाही." मोजणीच्या जागी तिनं रेघ ओढली. आमच्या डोंगराला मोजणारा कोणी नाही. नाव मीच घालवलं माझं, आणि तेही नेमकं मिळण्याच्या वेळेला.

दुपारनंतर खिंड परत भरायला घेतली. रचलेले दगड एकेक करून सगळ्यांनी टाकले. सरांनी दोन टाकले, दुसरा थोडा वेळ हातात धरून. पुनमनंही टाकला, बस गाठायची असूनसुद्धा. शेवटी याडीनं एक दगड माझ्या हातात दिला, तांबूस, तळहाताएवढा.

"ठेव," ती म्हणाली. "पुरे झालं आता. उतरव."

सगळे थांबले होते. सरही. मी वाकले. खरंच वाकले होते, ठेवणारच होते. मग सरांच्या शर्टाचं ते बटण दिसलं, आणि मला माईकवरचा आवाज ऐकू आला, काठी धरायला पक्की, आणि ते हसणारे लोक. ते लोक आज इथं नव्हते. त्यांना कोणी काही सांगायला गेलेलं नाही.

मी दगड पिशवीत टाकला. याडीनं स्वतःसाठी दुसरा उचलला, ठेवला, आणि उतरायला लागली.

आता तो इथं टेबलावर आहे. चांगला जड आहे. थकवा असता तर ठेवला असता. राग आहे, आणि तो मला उद्या कॉलेजात लागेल. देवलाच्या खिंडीत माझा एक दगड कमी पडलाय. खिंड तेवढी खाली राहिली, म्हणजे डोंगर तेवढा वर. माझ्याकडून त्याला एवढंच.